डिपस्टिकची वरची रेघ

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा इंजिन दुरुस्ती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, तसे डॉक्टरांनी वेगळे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; दबाव आणायला घरात दुसरे माणूसच उरलेले नाही. माझे, मुलाचे व मुलीचे पूर्ण नाव आणि पत्ते वकिलांनी पहिल्या पानावर टंकले आहेत. इथून पुढे मला मिस्तरी म्हटले तरी चालेल, सगळे तेच म्हणतात.

कलम १. गॅरेज आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत, त्यांत कोणाचा हिस्सा नाही. हे सर्व माझ्या मुलीला द्यावे. पत्नी गेल्यापासून ती दर बुधवारी येते, माझे कपडे भिजत घालते, ओट्यावरचे काळे डाग घासते आणि घासताना मला बोलते. तिच्या बोलण्यात तथ्य असते.

कलम २. बँकेतली ठेव मुलीला. ती किती आहे ते बँक सांगेल.

कलम ३. हत्यारे. पान्यांचे दोन्ही संच, व्हॉल्व्ह घासायची काठी, इंजिन उचलायची साखळी आणि फीलर गेज हे सर्व शेजारच्या लेथवाल्याला द्यावे. तो तीस वर्षे माझ्या भिंतीला भिंत लावून बसला आहे आणि त्याला या वस्तूंची किंमत कळते. माझ्या मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या भावाला, यातल्या कशालाही हात लावू देऊ नये. त्याने माझा टॉर्क पाना नेला होता. ज्या पान्याने बोल्ट किती आवळायचा ते नेमके मोजतात, त्या पान्याने त्याने भिंतीत खिळे ठोकले आणि वर विचारले की हा एवढा महाग का. तो पाना तेव्हापासून खरे बोलत नाही. तो मेहुण्यालाच द्यावा.

कलम ४. गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली राखाडी रंगाची कॉम्पॅक्ट एसयूव्ही उभी आहे. इंजिन जाम आहे. हे वाहन माझ्या मुलाला द्यावे, दुसरे काहीही देऊ नये. त्याने ऑइल न बघता ती रस्त्यावर काढली, इंजिन वाटेत बसले आणि त्याची आई वेळेवर दवाखान्यात पोचली नाही. ते इंजिन त्याने जवळ ठेवावे व आपल्या निष्काळजीपणाची आठवण ठेवावी.

इथपर्यंत मी गेल्या महिन्यात लिहिले होते आणि वकिलांकडे नेले होते. ते म्हणाले, वाहनाचा इंजिन नंबर हवा. म्हणून मी त्या आठवड्यात ताडपत्री काढली. त्यानंतर जे लिहायचे आहे ते पुढे लिहीत आहे. वकील म्हणाले, जुनी कलमे काढून सगळे नव्याने लिहा, कोर्टात स्वच्छ दिसते. मी नाही म्हणालो. कलम ४ मी लिहिले आहे, चांगल्या अक्षरात लिहिले आहे, ते सगळ्यांना वाचता आले पाहिजे.

कलम ५. कलम ४ रद्द. कारण खालीलप्रमाणे.

ही गाडी सात वर्षांपूर्वी माझ्या पसंतीने घेतली. मुलाच्या मनात दुसरी होती. मी शोरूममध्ये बोनेटवर कान ठेवून इंजिन ऐकले आणि हीच घ्यायची म्हणालो, त्याने मान डोलावली. दोन वर्षांत ती ऑइल खाऊ लागली. सकाळी सुरू केली की मागून निळा धूर, आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढावी तर टोकाला जेमतेम थेंब. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "हजार किलोमीटरला लिटरभर चालतं साहेब, लिमिटमध्ये आहे." मला ते तोंडावर चापट मारल्यासारखे लागले. चाळीस वर्षांत माझ्या हातून गेलेल्या एकाही इंजिनाने ऑइल खाल्ले नव्हते, आणि हा टाय लावून मला लिमिट सांगत होता.

मी इंजिन उतरवले. पिस्टनच्या ऑइल रिंग काजळीने चिकटल्या होत्या. नव्या घातल्या, व्हॉल्व्हची सीले बदलली. लेथवाला म्हणाला, ब्लॉक माझ्याकडे आण, सिलिंडर मोजून घेऊ, झिजला असेल तर नुसत्या रिंगांनी भागणार नाही. मी सिलिंडरमध्ये हात घालून अंगठ्याचे नख फिरवले आणि म्हणालो, कडा लागत नाही, ठीक आहे. सिलिंडर नखाने तपासायची माझी जुनी रीत. गिऱ्हाइकांना ती बघायला आवडायची आणि मला ती दाखवायला. लेथवाला माझा नाद सोडून निघून गेला.

गाडी चार महिने छान चालली. मी येईल त्याला बोनेट उघडून दाखवत असे. मेहुण्याला दोनदा दाखवले. मग पुन्हा ऑइल कमी होऊ लागले. सिलिंडर झिजलेला होता आणि माझ्या नखाला ते कळले नव्हते.

हे मी कोणाला सांगितले नाही. दर रविवारी सकाळी मी गाडी धुवायला खाली उतरत असे, आणि बादली भरायच्या आधी अर्धा लिटर ऑइल घालून डबा स्क्रॅपच्या पोत्यात तळाशी खुपसत असे. पत्नी गॅलरीतून म्हणायची, "स्वतःच्या लग्नात एवढी अंघोळ केली नव्हती यांनी." मुलगा हसायचा. मला वाटे की दोघांनाही काही माहीत नाही.

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी बजावले, महिनाभर वाकायचे नाही, वजन उचलायचे नाही. चार रविवार मी खाली उतरलो नाही. मुलाला एवढेच सांगायचे होते की ऑइल घाल. पण ते सांगायचे म्हणजे माझ्या हातचे इंजिन ऑइल खाते हे कबूल करायचे. पुढच्या रविवारी बघू, असे म्हणत मी काळा चष्मा लावून पलंगावर बसून राहिलो.

चौथ्या रविवारनंतरच्या सोमवारी दुपारी पत्नीच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेला अर्धा तास लागेल असे कळले. मुलाने तिला उचलून मागच्या सीटवर ठेवले, मी तिचे डोके मांडीवर घेतले. पुलाच्या चढावर ऑइलचा लाल दिवा लागला. मुलाने विचारले, "बाबा, दिवा लागलाय. थांबवू का?" तो दिवा म्हणजे इंजिनाला ऑइल पोचत नाही, हे मला पक्के माहीत होते. पण पूल उतरला की दवाखाना होता. मी म्हणालो, "चालव." पुलाच्या मधोमध इंजिनाने ठोकायला सुरुवात केली आणि ते बंद पडले. मागे गाड्यांची रांग लागली. दुसरे वाहन तिथवर येईपर्यंत पस्तीस मिनिटे गेली. तिने मध्ये एकदा विचारले, पोचलो का. मी हो म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवे होते. बाहेर मुलगी, जावई, मेहुणा आणि बातमी कळून धावत आलेली माझी दोन-तीन जुनी गिऱ्हाइके उभी होती. कोणीतरी विचारले, मिस्तरींची गाडी आणि बंद पडली? तेव्हा मी मुलाकडे वळून सगळ्यांसमोर विचारले, "ऑइल बघितलं होतंस का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "चुकलं माझं, बाबा."

माझी चूक मी त्याच्या माथी मारली आणि त्याने ती घेतली. मुलीने त्याच दिवशी त्याच्याशी बोलणे टाकले. मेहुण्याने नातलगांत सांगायचे तेवढे सांगितले. महिन्याभरात मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला गेला. मी गाडी ओढून शेडमध्ये आणली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. बोनेट उघडायची गरज नव्हती, इंजिन कोरडे आहे हे मला माहीत होते. मी चार रविवार चुकवले होते.

आता गेल्या महिन्यातले. इंजिन नंबर पुसून वाचला. मग हात सवयीने डिपस्टिककडे गेला. ओढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. ऑइल वरच्या रेघेपर्यंत होते. मी चष्मा बदलून पाहिले. वरच्या रेघेपर्यंत. डिकीत स्टेपनीखाली एक छोटे नरसाळे आणि ऑइलचा अर्धा डबा सापडला. मी त्या कंपनीचे ऑइल कधी वापरत नाही.

ज्या चार रविवारी मी वाकू शकत नव्हतो, त्या चार रविवारी माझा मुलगा वाकत होता. त्याला सगळे माहीत होते, पोत्यातल्या डब्यांसकट.

मग इंजिन बसले कशाने? लेथवाल्याला हाक मारली. आम्ही दोघांनी इंजिनाखालचे, ऑइल साठते ते चेंबर उतरवले. मला धाप लागत होती, म्हणून बोल्ट त्याने सोडले आणि मी उजेडाला बॅटरी धरली. ऑइल वर खेचणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. ती पूर्ण बुजली होती. बुजली होती सिलिकॉनने. चेंबर बसवताना सांध्याला सिलिकॉन लावतात, बारीक धार पुरते. मी बोटाने जाड थापले होते, माझे इंजिन थेंबभरही गळता कामा नये म्हणून. जादाचे आत सुटले, वर्षभर तुटत राहिले आणि जाळीत जाऊन बसले. चेंबर ऑइलने भरलेले होते आणि वर बेअरिंग कोरडी जळत होती. सिलिकॉन निळे होते. निळे फक्त मी वापरतो. लेथवाल्याने जाळी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि आपल्या दुकानात जाऊन लेथ सुरू केला. त्या दिवशी त्याच्याकडे काम नव्हते, हे मला माहीत आहे.

दोन दिवसांनी मी मुलाला फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. जे बोललो ते इथे नोंदवतो, कारण ते वाचले गेले पाहिजे.

मी म्हणालो, "गाडीचं ऑइल बघितलं."

तो म्हणाला, "पूर्ण होतं ना?"

"हो."

"आदल्या दिवशीच घातलं होतं."

मी विचारले, मग तेव्हा का बोलला नाहीस.

"आई गेली होती, बाबा. तुमची गिऱ्हाइकं उभी होती तिथं. त्या दिवशी तुमच्याकडून आणखी काही काढून घ्यायचं नव्हतं मला."

मी त्याला जाळीचे सांगितले. ते त्याला ठाऊक नव्हते. तो म्हणाला, इतकी वर्षे त्याला वाटत होते की दिवा लागल्यावर आपण थांबायला हवे होते. मी म्हणालो, चालव असे मीच म्हटले होते. तो म्हणाला, आठवतंय. नंतर त्याने माझा डोळा कसा आहे ते विचारले. ये, असे मला म्हणायचे होते. फोन ठेवल्यावर लक्षात आले की म्हणालोच नाही.

कलम ६. कलम १ व २ यांत बदल. वरच्या दोन खोल्या मुलीला, खालचे गॅरेज व शेड मुलाला. ठेव दोघांना सारखी. जिना दोघांचा सामाईक राहील, आणि जिन्यावर भेट झाल्यास एकमेकांशी बोलावे. हे कायद्याने बंधनकारक करता येत नाही असे वकील म्हणतात. तरी मी लिहीत आहे.

कलम ७. गाडी मुलाची. त्याने ती भंगारात द्यावी किंवा ठेवावी. जाळी बाटलीत घालून माझ्या पलंगाशेजारी ठेवली आहे. मी जिवंत आहे तोवर ती तिथून हलवू नये.

कलम ८. कलम ३ लेथवाल्यापुरते रद्द, कारण साक्षीदाराला वाटणीत काही घेता येत नाही आणि मला साक्षीला तोच हवा आहे. हत्यारे मुलाला द्यावीत. लेथवाला म्हणाला की त्याच्याकडे पाने आहेत. मेहुण्याचा टॉर्क पाना कायम.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे तसे करू नये. मी गेल्यावर हे वाचले तर मुलगी माझ्यासाठी रडेल, आणि ते मला चालणार नाही. हे आजच संध्याकाळी मुलीच्या घरी, जावई व मेहुणा यांच्यासमोर, लेथवाल्याने मोठ्याने वाचावे. कलम ४ गाळू नये. मी समोर खुर्चीत बसेन. मला धाप लागली तरी वाचन थांबवू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर उशिरा सुचलेल्या शहाणपणाने लिहिले आहे आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली आहे.

स्थळ: गॅरेजमागची शेड
दिनांक: सतरा, रविवार, सकाळ

सही: मिस्तरी

साक्षीदार १: लेथवाला, शेजारी. (चेंबर उतरवताना हजर होतो. जाळी पाहिली आहे.)
साक्षीदार २: डोळ्यांचे डॉक्टर, ज्यांनी चार वर्षांपूर्वी वाकू नका म्हणून सांगितले.

वाचनाची पोच, त्याच दिवशी संध्याकाळी:
सगळे ऐकले. दादाचा नंबर मी फोनमधून काढून टाकला होता. तो इथे खाली लिहून द्यावा.
सही: मुलगी