एक बाजू साफ

भद्रावती, दि. ११ फेब्रुवारी २०२२

ती. इस्तारीभाऊस,
साधनाचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

बसच्या कंडक्टरसंगं धाडलेली सुकी मासोळी पोचली. वहिनीनंच भरली असन, तुमच्या हातून एवढी कुठची निंगते! तुमच्या गावात फोन लागत नाई, म्हणून ही चिठ्ठी.

आमच्या प्रफुलले मामाचीच पोरगी पाह्यजे. दिव्यानी द्या, दुसरं काई मागत नाई. एक विचारते, राग मानू नका. कॉलेजात तिची सिकलसेलची तपासणी झाली होती ना? आपला लहाना भाऊ इसरू आठवते. बारा वर्साचा होता, हाडं ठणकते म्हणून रडत रडत गेला. इथली नर्सबाई सांगते, मायबाप दोघाइच्याही रक्तात अर्धा सिकल असला तर लेकराले पूर्ण होऊ शकते. एक बाजू साफ असली म्हणजे भेव नाई. तुमची बाजू साफ आहे ना, भाऊ? तेवढं कळवा.

लहान बहिणीवर माया आहे तशीच ठेवा.
साधना

मु. पो. अहेरीजवळ, दि. २० फेब्रुवारी २०२२

चि. सौ. साधनास,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून तुही वहिनी रडलीच, खुशीनं. घरातली पोरगी घरातच चालली, अजून काय पाह्यजे? दिव्यानी म्हणते, आत्याची भाजी खारट असते, हे आताच लिवून ठेवा. तपासणीचं म्हणशीन तर दिव्यानीचं रक्त साफ आहे. बिनधास्त राह्य. अक्षय तृतीयेची तारीख धरू. आता इहीण झाली म्हणून ताठून बसू नोको.

सगळ्याइले आशीर्वाद, तुले जास्तीचा.
तुहा भाऊ, इस्तारी

भद्रावती, दि. ९ जानेवारी २०२४

ती. भाऊस, सा. न.

आपली नात रिंकू दहा महिन्याची झाली. मागच्या हप्त्यात तिचे हात-पाय टम्म फुगले. थंडीनं असन म्हणून मी शेकत बसली. शेकलं की अजून रडे. दवाखान्यात रक्त तपासलं. पूर्ण सिकल निंगाला. मायचं अर्धं, बापाचं अर्धं.

भाऊ, प्रफुलचं अर्धं आहे हे मले तो बारावीत होता तवाच कळलं होतं. म्हणून तर तुमाले विचारलं. उघड लिवायची लाज वाटली. भाऊ असले तरी पोरीवाले, नाई म्हणतीन असं भेव. तुमी साफ लिवलं आन् माहा जीव भांड्यात पडला. तपासणी चुकली काय? खरं सांगा, तुमाले रिंकूची आन.

साधना

अहेरीजवळ, दि. २३ जानेवारी २०२४

चि. सौ. साधनास, आशीर्वाद.

तपासणी चुकली नाई. मी खोटं लिवलं.

दिव्यानीच्या तपासणीच्या कार्डावर अर्धा सिकल लिवला होता, त्यापायी दोन सोयरिका मोडल्या होत्या. गावात बाया बोलून राह्यल्या होत्या. तू शहरात राह्यते, पोराचं तपासलंच असन, तुही बाजू साफच असन, असं मी धरून चाललो.

इथल्या डाक्टरणीले इचारलं. ती म्हणे, पह्यले या जंगलात हिवतापानं लेकरं पटापट जात. ज्याच्या रक्तात अर्धा सिकल, तो त्यातून जास्त वाचे, त्याले लेकरं होत, त्यायच्यातही ते उतरे. पिढ्यान् पिढ्या तेच उरत गेले, म्हणून आपल्याकडं हे एवढं. कोणाचा शाप नाई, कोणाचं पाप नाई. मी म्हटलं, बाई, पाप तर मी केलंच आहे.

एक ऐक. मी तुले कार्डाचं सांगतलं, असंच दिव्यानीले वाटते. तिले इतक्यात काई बोलू नोको. तुह्या पाया पडतो.

इस्तारी

भद्रावती, दि. २७ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस, नमस्कार.

रिंकू रविवारी गेली. ताप आला, पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगली, चेहरा पांढराफटक पडला. रक्त चढवलं, पण उशीर झाला होता. आत्यानं रडत रडत तुमच्या दोन्ही चिठ्ठ्या माह्या हातात देल्ल्या. तिच्यानं आता लपवणं होत नव्हतं.

बाबा, कार्ड मी माह्या हातानं तुमाले देल्लं होतं. तुमी म्हटलं, आत्याले सांगतलं, तिची हरकत नाई. दोन वर्सं मी तिचे पाय दाबले, का या बाईनं मले दोषासकट घरात घेतलं म्हणून. प्रफुलले मी एका शब्दानं इचारलं असतं तरी त्यानं सांगतलं असतं. पण मोठ्यायनं पाह्यलं आहे म्हणून इचारायचं सुचलंच नाई.

डाक्टरणीचं तुमी लिवलं ते वाचलं. अर्ध्यावाले वाचले म्हणून आपण आहो. खरं असन. पण त्यायच्याच घरी पूर्णवालेही झालेच असतीन, इसरूकाकासारखे. त्यायले लेकरं झाले नाई, म्हणून त्यायचं नाव घ्यायले कोणी उरलं नाई. माही रिंकू त्यायच्यातली आहे.

मले तिसरा महिना चालू आहे. परवा नागपूरले पोटातल्या लेकराची तपासणी आहे. आत्या संग येतो म्हणत होती, तिलेही नाई म्हटलं. जे निंगन ते आमी दोघंच ऐकू. तुमी येऊ नोका.

दिव्यानी