हुंड्याचं शेत

सेंट डर्व्हला मठ, किलडूनी
३ जून २०१९

प्रिय मॅलाकी,

गुडघा कसा आहे? आणि डोळ्याचं ऑपरेशन झालं, की अजून ‘बघू पुढच्या महिन्यात’ चालूच आहे? तिकडे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत, डॉक्टरांचा सुकाळ, आणि तू भिंग लावून माझी पत्रं वाचतोस. हट्टीपणात अगदी बाबांवर गेलायस. म्हणून या वेळी अक्षर मोठं काढतेय.

मी बरी आहे. वारा आहे, पाऊस आहे, चहा आहे. मठात आम्ही तिघी उरलोय. एक दिवसभर झोपते, दुसरीला मी कोण ते आठवत नाही. भांडायलासुद्धा कुणी नाही बघ.

आता बातमी. मठाचं मुलींचं कॉलेज बंद होतंय, या महिन्याअखेर. तू म्हणशील, एकदाचं! म्हण बाबा, तुला तो हक्क आहे.

शेवटच्या वर्गात नऊ मुली आहेत. नऊ! तुला आठवतं, सुट्टी झाली की निळ्या कोटांची रांग पार धक्क्यापर्यंत लागायची आणि तुम्ही पोरं भिंतीवर बसून शिट्ट्या मारायचात? परवा निरोपाच्या समारंभातलं बिशपांसाठीचं भाषण लिहायला बसले. तेच ते. चार सिस्टर्स गाढवाच्या गाडीतून आल्या, हेरिंग खारवायच्या शेडमध्ये पहिला वर्ग भरला, बाकांना वर्षभर माशांचा वास. मग गावाने दगड वाहिले, इमारत उभी राहिली, आणि दारावर कोरलं, ‘या किनाऱ्याच्या लेकींसाठी’. किलडूनीच्या पोरीला इंग्लंडात जाऊन दुसऱ्याची फरशी पुसावी लागू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

तसंच झालं की. कुणीही फरशी पुसली नाही. नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, एक तर न्यायाधीश झाली, आणि झाडून सगळ्या बोटीत बसून गेल्या. आम्ही इतकं छान शिकवलं, मॅल, की मागे कुणी राहिलंच नाही. राहिल्या असत्या तर त्यांना पोरी झाल्या असत्या आणि त्या आमच्याकडे आल्या असत्या. इतकं सोपं गणित. आणि मी जन्मभर गणितच शिकवलं! भाषणात हे लिहिलं आणि खोडलं. बिशपांना रडवायचं नाही, असं डब्लिनच्या मुख्य मठातून कळवलंय.

मैदानावरचं गवत काल कापलं. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की आपल्या बटाट्याच्या वरंब्यांच्या रेघा अजून दिसतात. मुली धावताना तिथेच अडखळतात. त्याबद्दल सावकाश लिहीन. मिस्सेच्या प्रार्थनेची घंटा झाली.

तुझी बहीण,
सिस्टर मॅलाकी

(सही बघून कपाळाला आठी पडली ना? साठ वर्षं हीच सही आहे, आता या वयात काय बदलणार!)


किलडूनी
१४ जुलै २०१९

प्रिय मॅल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे गाढवाचं चित्र आणि मागे दोन ओळी. ‘कॉलेज बंद. मग माझं शेत?’ ना नमस्कार ना चमत्कार. पण खरं सांगू, गेल्या पत्रात मी तेवढंच एक लिहायचं टाळलं होतं आणि तू नेमकं तिथेच बोट ठेवलंस.

आधी समारंभाचं सांगते, म्हणजे मला जरा धीर येईल. चर्च गच्च भरलं होतं. बोस्टनहून आल्या, सिडनीहून आल्या, भिंती कुरवाळून रडल्या, फोटो काढले, आणि सोमवारी विमानं धरली. बिशप म्हणाले, “दारं बंद होतात, कार्य बंद होत नाही.” माझ्या शेजारी असुम्प्टा रूडी बसली होती, औषधाच्या दुकानवाली. ती कानात पुटपुटली, “मग आत जायचं कुठून, सिस्टर? खिडकीतून?” याच मुलीला मी गणितात दोनदा नापास केलं होतं.

बरं. आता शेत.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते, कारण आपण दोघं यावर धड कधी बोललोच नाही. मी अठरा वर्षांची होते. बाबा मला घेऊन मठात आले, तेव्हा मदर सुपिरियरने पहिलाच प्रश्न विचारला, “मुलगी काय घेऊन येतेय?” हुंडा आणणारी सिस्टर वर्गात शिकवायची. रिकाम्या हाताने आलेली स्वयंपाकघरात भांडी घासायची, टेबलाच्या खालच्या टोकाला बसायची, मरेपर्यंत. बाबांनी टोपी हातात चुरगाळली आणि म्हणाले, “माझी डीलिया कुणाची खरकटी काढणार नाही. समुद्राकडचं शेत लिहून घ्या.”

आपल्याकडे माती म्हणावी अशी तेवढीच होती. तू आणि बाबांनी पाठीवर समुद्राचं शेवाळ वाहून काळी केलेली. उरला तो चिखल आणि दगड. आईने ऐकलं आणि चूल फुंकत राहिली. तू ताटावरून उठलास. आणि बटाटे काढून होताच तू बोट धरलीस आणि आयुष्यभर इंग्रजांचे रस्ते खोदलेस.

मग व्रतं घेताना नवं नाव घ्यायचं होतं, मी तुझं घेतलं. भावाचं नाव घ्यायची रीतच होती, आणि मला वाटलं तुला बरं वाटेल. तू काय म्हणालास, आठवतं? “शेत घेतलंस ते घेतलंस, वर नावही घेतलंस! आता चड्डी तेवढी ठेव माझी.” सगळे हसले. तू हसला नव्हतास.

बाबांच्या अंत्यविधीला तू म्हणालास, कॉलेज बंद पडेल त्या दिवशी माझं शेत मला दे, एक कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर, आणून उभी करीन आणि समुद्राकडे तोंड करून मरेन. दरवर्षी नाताळच्या कार्डात तेच. लोकांना ती थट्टा वाटायची. मला ती कधीच थट्टा वाटली नाही.

मॅल, शेत विकतायत. इमारत, आपल्या शेताचं केलेलं मैदान, सगळं एकत्र. सुट्टीला येणाऱ्यांसाठी बंगले होणार. मला विचारलंसुद्धा नाही. कळलं तशी बस पकडून डब्लिनला गेले, आमच्या प्रमुख सिस्टर गोरेटीकडे. बाई वाईट नाही. बिस्किटं पुढे केली.

मी म्हटलं, “ते शेत किनाऱ्याच्या लेकींसाठी दिलं होतं. लेकी संपल्या. आता ते ज्याचं त्याला द्या.”

“सिस्टर, ते दान होतं.”

“दान नव्हतं. माझा हुंडा होता.”

ती उठली. मग कपाटातून जुनी नियमावली काढली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, हुंडा तिने फक्त ऐकलेला. वाचून म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. पण नियम सांगतो, हुंडा परत मिळतो तो फक्त मठ सोडून जाणारीला.” आणि हसली. “आता एकोणऐंशीव्या वर्षी पळून जाणार आहात का? कुणाबरोबर?”

मीही हसले. चहा संपवला. बस पकडली.

त्यानंतर मी काही केलंय, ते आत्ता सांगत नाही. उत्तर आलं की सांगेन. तोवर त्या कॅरॅव्हॅनची चौकशी करून ठेव. आशेला काय, पैसे थोडेच पडतात!

तुझी,
सिस्टर मॅलाकी


मुख्य रस्ता, औषधाच्या दुकानावर, किलडूनी
६ ऑक्टोबर २०१९

मॅल,

पत्ता बघून चमकलास ना? सांगते.

त्या बसमधून उतरले आणि दुसऱ्या दिवशी रोमला अर्ज केला, मला व्रतांतून मोकळं करा म्हणून. कारण लिहायचं होतं. ‘भावाचं शेत’ एवढंच लिहिलं. शेजारच्या गावच्या फादरांनी ते वाचलं आणि म्हणाले, “सिस्टर, लोक प्रेमात पडून जातात, दारूपायी जातात. शेतासाठी मी पहिल्यांदाच बघतोय.” मी म्हटलं, तुम्ही शहरातले. तुम्हाला नाही कळायचं.

आणि वाट बघत बसले. ऑगस्ट गेला. मठातल्या त्या दोघींना डब्लिनच्या वृद्धाश्रमात नेलं. मी एकटी त्या भल्यामोठ्या मठात, रोज मैदानाला एक फेरी मारायची. वेड्यासारखी तुझी कॅरॅव्हॅन कुठे लावायची ते ठरवून ठेवलं होतं. वरच्या कोपऱ्यात, भिंतीच्या आडोशाला, म्हणजे वारा लागणार नाही.

एक दिवस सकाळी यंत्राचा आवाज आला. खिडकीत गेले तर पिवळं यंत्र मैदानाच्या मधोमध, आणि वरंबे उलटे होतायत. एवढी काळी माती, मॅल! इतकी वर्षं गवताखाली असूनही तशीच काळी. मी चपलांवर धावत गेले. यंत्रावरचा माणूस भला होता, त्याने यंत्र थांबवलं. “सिस्टर, काही हरवलंय का इथे?” मी हो म्हटलं. त्याने बिचाऱ्याने खाली उतरून शोधायला सुरुवात केली.

सौदा आधीच पुरा झाला होता. रोमचा कागद आला तो त्यानंतर.

गोरेटी स्वतः घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, “सिस्टर, हा कागद तुम्ही अजून नाकारू शकता. नाही म्हणा, मी फाडून टाकते. डब्लिनला उबदार खोली तयार आहे. ज्यासाठी अर्ज केलात ते आता उरलंच नाही.”

खरंच उरलं नव्हतं. तेलही गेलं, तूपही गेलं. शहाणी बाई असते तर नाही म्हणून उबेत गेले असते.

मी सही केली.

गोरेटीने विचारलं, “पण का?” तिला धड सांगता आलं नाही, तुला सांगते. बाबांनी शेत दिलं म्हणून मी शिकवू शकले. तू घर सोडलंस म्हणून मी फळ्यापुढे उभी राहिले. कधीतरी हिशेब जुळेल असं वाटायचं. एवढ्या पोरी शिकल्या, म्हणजे शेत वाया गेलं नाही, तूही वाया गेला नाहीस. त्या यंत्रापुढे उभी असताना तेही वाटेनासं झालं. गावात एक शाळकरी पोर नाही. दारावरची ती अक्षरं बंगलेवाले ठेवणार आहेत म्हणे, शोभेसाठी. मी प्रार्थना करायला बसते आणि पलीकडे कुणीच फोन उचलत नाही असं होतं. हे मी कुणालाच बोललेले नाही.

आता असुम्प्टाच्या दुकानावरच्या खोलीत राहते. भाडं घेत नाही. म्हणते, “दोनदा नापास केलंत, त्याची शिक्षा म्हणून रोज माझ्या हातचं जेवायचं.” स्वयंपाक खरोखर शिक्षा आहे. रस्त्यात लोक अजून सिस्टर म्हणतात आणि जीभ चावतात. साठ वर्षांनी अंगात साधा स्वेटर आहे, हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही.

शेत गेल्याची बातमी मी फोनवर सांगितली, तू ऐकलीस, मागे टीव्ही चालू होता, आणि मग तू फोन ठेवलास. रागावलायस की रडत होतास, मला कळलं नाही. राग असेल तर असू दे. फक्त ऑपरेशन करून घे.

खिडकीतून समुद्र दिसत नाही इथून. बरंच आहे.

मॅल, शेत तुला परत करता आलं नाही. शेताच्या वर तुझं आणखी जे घेतलं होतं, तेवढं परत करतेय. त्या कागदावर सही करताना शेवटचं वापरलं. आता ते तुझं.

डीलिया