सहा इस्पिक आणि गिरणाकाठचा कावळा

मेहरूण, जळगाव
शुक्रवार

तीर्थस्वरूप नाना यांस,

पुनाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे साष्टांग जमत नाही. कमरेपर्यंतचा घातला आहे, उरलेला मोठ्या मनानं मानून घ्या.) तुमची साखर आणि अक्कांची कंबर ताब्यात असेल अशी आशा करतो. धुळ्यात पारा किती चढलाय ते मात्र कळवू नका. आमच्यापेक्षा कमी निघाला तर जीव जळतो, आणि जास्त निघाला तर त्यातही तुम्हीच जिंकलात म्हणून जळतो. खरं तर हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, अक्का शेजारी बसून हुंकार देतात आणि संध्याकाळपर्यंत आमच्या घरचं सगळं तुमच्या देवपूरभर होतं. म्हणून पत्र. वाचून झालं की फाडा.

अभिमन गेल्याचं तुम्हाला कळलंच आहे. वरणगावच्या फॅक्टरीत आम्ही एकाच शॉपला होतो, आणि जेवणाच्या सुट्टीत एकाच टेबलावर, समोरासमोर, भिडू म्हणून. आम्हा दोघांना ब्रिज तुम्हीच शिकवलंत, तेव्हा पुढच्या पापात थोडा वाटा तुमचाही आहे, हे विसरू नका. बायकोच्या तोंडाकडे बघितलं नसेल इतकं मी आयुष्यभर त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलंय, आणि त्यातलं निम्मं रागानं. पत्ते कसेही येवोत, याची बोली आपली आभाळाला टेकलेली. (सासरवाडीला जेवायला बसल्यासारखा बोलायचा मेला. मेला म्हणजे आपलं सवयीनं लिहिलं. आता तेही नीट लिहिता येत नाही.)

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी रोहिदासच्या गच्चीवर बसलो होतो. आम्ही दोघं एकीकडे, सायकलवाले सरदारभाई आणि रोहिदास दुसरीकडे. मी ‘एक इस्पिक’ म्हणालो. सभ्य माणसानं यावर दोन म्हणावं, फार तर तीन. अभिमननं थेट सहा ठोकले! सहा म्हणजे तेरातले बारा हात करायचे, आणि तेही मी, कारण इस्पिकचं नाव पहिल्यांदा मी घेतलेलं. हा आपली पानं टेबलावर मांडून खुशाल शेंगदाणे खात बसला. मी बदामची राणी पुढे केली, राजा नेमका सरदारभाईंकडे निघाला, आणि किलवरचा एक हात तर जाणारच होता. म्हणजे अकरा. संपलं. मी पानं फेकली, एकत्र केली आणि म्हटलं, बोली भिकार. तो म्हणाला, बोली बरोबर होती, खेळ भिकार. आधी किलवरचा हात सरदारभाईंच्या गळ्यात मारायचा होता, मग त्यांना झक मारून बदाम खेळावा लागला असता आणि राणी वाचली असती. मी म्हटलं, किलवरचा राजा सरदारभाईंकडेच होता हे तुला स्वप्नात दिसलं का? रोहिदासकडे असता तर? (रोहिदासला विचारण्यात अर्थ नाही. हुकूम कोणता आहे हे त्याला डाव संपेपर्यंत आठवत नाही, तो भजी येतात म्हणून खेळतो.) शब्दाला शब्द वाढला. शेवटी मी म्हणालो, ‘तुला ब्रिज झेपत नाही, तू आपला मेंढीकोट खेळ.’ तो उठला. चपला घातल्या आणि गेला. घरी जेवला नाही. बायकोला, यशोदाबाईंना, ‘सहा इस्पिक बनत होते’ एवढंच म्हणाला, भिंतीकडे तोंड करून झोपला आणि सकाळी उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. असेल. पण मला माझं ते मेंढीकोट ऐकू येतं, नाना. जेवताना, दाढी करताना, कधीही.

आता दहाव्याचं ऐका. गिरणाकाठी पिंड मांडले, आणि कावळा काही शिवेना. बाभळीवर बसलाय, बघतोय, पण खाली येत नाही. वर मे महिन्याचं ऊन, खाली तापलेली वाळू. त्याचा थोरला, ईश्वर, म्हणाला, ‘आबा, आईला अंतर देणार नाही.’ कावळा ढिम्म. ‘धाकट्या डिंपलचं लग्न थाटात करीन.’ ढिम्म. मग यशोदाबाई हळूच म्हणाल्या, ‘त्यांचा जीव त्या सहा इस्पिकात अडकलाय, पुनाभाऊ. तुम्ही बोला.’ त्या बाईला इस्पिक म्हणजे काय हे माहीत नाही. पण सगळं गणगोत माझ्याकडे वळलं. मी पुढे होऊन म्हटलं, ‘अभिमन, बोली अगदीच वाईट नव्हती.’ कावळ्यानं मान फिरवली. ‘मी जरा घाईनं खेळलो.’ कावळा एक फांदी खाली आला. (म्हणजे पठ्ठ्या माझी बोली चढवून घेत होता! मेल्यावरही सवय गेली नाही.) एवढ्यात त्याची यावलची बहीण झुंबरबाई ओरडली, ‘सांगी टाक ना भाऊ! बठ्ठा लोक उनमा उभा शेतस!’ तेव्हा मी डोळे मिटले आणि बोंबललो, ‘सहा इस्पिक बनत होते! चूक माझी!’ डोळे उघडतो तर कावळा पिंडावर.

आयुष्यात पत्त्यांच्या बाबतीत खोटं बोललो नव्हतो, ते त्या दिवशी पाहुण्यारावळ्यांसमक्ष बोललो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मी सोडून सगळे जेवले.

तेव्हापासून मी स्वतःची परीक्षा घेतोय. सुनेनं, शीतलनं, फोनवर एक सोय करून दिली आहे. फोन डाव देतो, आपण बोली लावायची, खेळायचं, मग तोच गुण देतो. म्हटलं, माझा खेळ भिकार नाही हे एकदा यंत्राकडूनच सिद्ध होऊ दे. निकाल असा आला : बोली उत्तम, खेळात सुधारणेला बराच वाव. मी फोन शीतलला परत दिला आणि सांगितलं की याची बॅटरी गेली आहे. मग सरदारभाईंच्या दुकानात गेलो. विचारलं, किलवरचा राजा तुमच्याकडे होता का हो? पंक्चर काढता काढता ते म्हणाले, ‘याद नहीं, पुनाभाई.’ ज्या माणसाला स्वतःच्या लग्नाआधीच्या डावाची पानं तोंडपाठ आहेत, त्याला याद नाही! मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं, पण धीर झाला नाही.

बाकी क्षेम. अक्कांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
पुना

ता. क. : मुद्दा राहिलाच. काल यशोदाबाई घरी आल्या होत्या. म्हणाल्या, ‘भाऊ, खरंच बनत होते, की कावळ्यासाठी म्हणालात? खोटं सांगून कावळा बोलावला असेल, तर त्यांचा जीव तसाच अडकलेला राहील.’ मी उठून पंखा वाढवला. तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मी धुळ्याच्या नानांना विचारते, ते पत्त्यात खोटं बोलत नाहीत.’ रविवारी त्यांचा फोन येईल. नाना, पाया पडतो (कमरेपर्यंत), एवढ्या एका वेळी खोटं बोला. ‘बनत होते’ म्हणा आणि फोन ठेवून द्या. स्पीकर बंद ठेवा.

ता. क. २ : आणि मनातून तुम्हालाही ते बनत होते असं वाटत असेल, तर मला सांगू नका. अभिमन गेला, हे मी कसंबसं सोसतोय. गेला आणि वर बरोबरही होता, हे मला सोसायचं नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात सरदारभाई आले. आत यायला तयार नाहीत. पायरीवरच उभे राहून म्हणाले, ‘किलवर का बादशाह मेरे पास था. तुम्हाला सांगून अभिमन परत येणार होता का, म्हणून गप्प बसलो. पण झोप लागेना.’ आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही.

तेव्हा नाना, खोटं बोलायची गरज नाही. यशोदाबाईंना खरं तेच सांगा. मला मात्र थोडे दिवस फोन करू नका.