लाठीला जाऊ का?

वस्ताद, आज नातवानं मला पेचात टाकलं. पोरगा कुस्ती खेळतो, आता त्याला लोहाऱ्याला जाऊन कराटेही शिकायचंय. "आजोबा, आत्ताच सुरू करू का थांबू?" एवढंच विचारलं त्यानं. तेव्हापासून मी अंगणात फेऱ्या मारतोय, बसतोय, पुन्हा उठतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी या प्रश्नानं मला ओढत तुमच्याच तालमीत आणलं.

निजामी अमलाची ती शेवटची वर्षं. गावोगाव धास्ती, रात्रीची गस्त, ज्याच्या त्याच्या हातात काठी. सास्तूरहून एक लाठीवाले शिकवायला येऊ लागले आणि माझं चित्त कुस्तीत ठरेना. पण तुमच्याकडं विचारायची सोय कुठं होती? माझ्या जोडीदारानं दांडपट्टा शिकायला जाऊ का म्हटलं, तर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झाडलंत. "अजून ढाक डाव नीट बसंना तुला, अन् पट्टा पायजे व्हय रं? थांब गप!" बिचारा तोंड पाडून जोर काढायला लागला.

तरी एका सकाळी, तालमीतला मातीचा हौदा उकरता उकरता, मी विचारतो, "लाठीला जाऊ का?" तुम्ही मातीत ताक ओतताय. वरही न बघता म्हणता, "जा की. उद्यापासनं जा." मी फावडं धरून तसाच उभा. तुम्ही तेलाचं भांडं मागता आणि मी ते देतो.

लाठीवाले माझ्यावर वैतागायचे. त्यांनी काठी उगारली की मागं सरायचं सोडून मी आत घुसायचो आणि थेट त्यांच्या कमरेला मिठी घालायचो. "आरं, कुस्ती न्हाय ही! लांब ऱ्हा!" हे तुम्हाला सांगितलं तेव्हा पोट धरून हसलात. पण त्यानंतर तालमीत माझा डाव चुकला तरी तुम्ही ओरडला नाहीत. जोडीदाराला मात्र रोज शिव्या. त्या शिव्यांवर मी जळायचो, वस्ताद. मी तयार झालो म्हणून मोकळं केलंत, की आता माझ्यात काही राम नाही असं वाटलं तुम्हाला? विचारीन विचारीन म्हणेपर्यंत तुम्ही तापानं गेलात.

सकाळी पोरगा पुन्हा विचारणार. त्याला 'जा' म्हणू, की 'थांब'? तुम्हाला लिहिलेला हा कागद आता घडी घालून ठेवतो. लाठीची ओढ होती, खोटं कशाला बोलू. पण त्या सकाळी मी विचारलं ते तुम्ही मला 'थांब' म्हणावं म्हणून.