मोघम लिहू नका, बाबा

दिग्रस,
ता. १६ जानेवारी १९६३

प्रिय नलू,

आधी सांगून टाकतो, कोणी मेलेलं नाही. कोणी आजारीही नाही. तुझी आई समोर अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे आणि मी काय लिहितो ते पाहायला तिनं आतापर्यंत चारदा मान वर केली आहे. आता निवांत बसून पुढचं वाच.

मागल्या आठवड्यात परत जाताना तू मोटारीच्या पायरीवरून म्हणालीस, "बाबा, आता नेमकं लिहाल तरच येईन. मोघम लिहाल त मी हलत नाही." तेव्हापासून मला घोर लागला आहे. मी शिकलो दुसरीपर्यंत, तेही शाळेच्या ओट्यावर बाहेर बसून. तिथे काही मोघम हा शब्द आला नाही. शेवटी पुंडलिकराव गुरुजींकडे गेलो. ते म्हणाले, लवकर येतो म्हणणं हे मोघम, आणि बुधवारी दुपारच्या मोटारीनं येतो म्हणणं हे नेमकं. मोघम बोलणाऱ्याला कुठेच पकडता येत नाही, म्हणून लोकांना ते सोयीचं पडतं. घरी येऊन मी दिवसभर कान देऊन ऐकलं. किराणावाला बाबुलाल म्हणाला, गूळ आज-उद्या येईल. तुझी आई म्हणाली, येते जराशानं. ती गेली ती दिवे लागताना आली.

पण नलू, माझी उमर यातच गेली. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच्या आधी गावातल्या मयतीचा सांगावा पोचवायचं काम आपल्या घराकडे होतं. माझ्या बापानं मला शिकवलं होतं की दारात उभं राहून गेला म्हणून कधी सांगायचं नाही. एवढंच म्हणायचं, जरा बरं नाही, येऊन जा. ऐकणाऱ्याला अजून दहा कोस चालायचं असतं. दारातच खरं सांगितलं तर त्याचे पाय उचलणार कसे? लोक माझ्या तोंडाकडे पाहायचे आणि मी जमिनीकडे. त्यांना कळायचं, तरी थोडी आशा गाठीला बांधून ते निघायचे. ते काम आपण सोडलं, बरं झालं. पण जिभेची सवय तशीच राहिली. आणि तू माझ्याच घरात वाढलेली. हे वाक्य तू पाळण्यापासून ऐकलेलं.

तरी मी मागल्या पत्रात तेच लिहिलं. तुझ्या आईला जरा बरं नाही, येऊन जा.

मग तू काय समजणार? फुलसावंगीहून कडेवर बेबीला घेऊन, दोन मोटारी बदलून आलीस, आणि गल्लीच्या तोंडापासूनच आईच्या नावानं हंबरडा फोडलास. शेजारच्या मानीबाईनं विचारलंसुद्धा नाही, ती तशीच तुझ्या गळ्यात पडून रडायला लागली. तिचं पाहून आणखी चार बाया. एवढा कालवा ऐकून तुझी आई हातातलं सूप घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "कोन मेलं वं?" मानीबाई अजून मला दारातून आत येऊ देत नाही. जावई धर्मपालराव मागून पांढरं कापड घेऊन आले होते, त्याच्या तुझ्या आईनं उशीच्या खोळी शिवल्या. रोज म्हणते, "घ्या, माह्या कापडावर डोकं टेकवून झोपा."

आता नेमकं लिहितो. तुझ्या आईला फक्त पडसं झालं होतं, आणि मी पत्र पेटीत टाकलं तोवर तेही बरं झालं होतं. मला ते माहीत होतं. चार महिने तू दिसली नव्हतीस, बेबी दिसली नव्हती, आणि मला करमत नव्हतं. लग्न झालेल्या पोरीला बापानं असं लिहावं कसं? धर्मपालराव पत्र मोठ्यानं वाचून दाखवतात, तुझी सासू ऐकते. म्हणून मी ते तुझ्या आईच्या तब्येतीवर ढकललं. हे तिला अजून माहीत नाही. आपल्या साध्या पडशानं नवरा एवढा घाबरला, असं तिला वाटतं, आणि त्या दिवसापासून माझ्या भाकरीवर तेल जास्त पडतं आहे. तिला सांगू नकोस. तुझ्या सासूनं ऐकलं तर ऐकू दे. मला तुम्हा दोघींची आठवण येते. येत्या सोमवारी, एकवीस तारखेला, दुपारच्या मोटारीनं ये आणि आठ दिवस राहा. पत्र उशिरा पोचलं तर गुरुवारी, चोवीसला ये. दोन्ही दिवशी मी स्टँडवर उभा राहीन.

तुझाच,
बाबा (नागोराव)