लिंबांखालची पाणंद

आप्पा, तुमच्यावर रागावून लिहितोय. तुम्ही होता तेव्हा तोंड वर करायची सोय नव्हती, आणि गेल्यावर लोक म्हणाले, गेलेल्या माणसावर राग धरू नये. मी धरलाय.

मंद्रूपच्या रानात जाणारी पाणंद शेजाऱ्यानं नांगरून खाल्ली, हे तुम्ही मला भाकरीबरोबर भरवलंत. मी तेव्हा सोलापुरात शिकत होतो. सुट्टीत आलो तर सगळं रान सपाट, तुमची लिंबाची रोपं नुकती लावलेली, गाडीवाट कुठं होती ते ओळखू येईना. तुम्ही सांगितलंत, मी मानलं. पुढं आयुष्यभर पोरांना कविता शिकवल्या आणि त्या शेजाऱ्याला रामराम घातला नाही.

आता त्याचा मुलगा ऊस करतो. तोड आलीय आणि ट्रॅक्टर आत न्यायला वाट नाही. गेल्या आठवड्यात तो घरी आला. "सर, लिंबाच्या कडंनं जाऊ द्या की. ऊस वाळाय लागलाय." मी तुमच्याच आवाजात म्हणालो, "तुझ्या बापानं खाल्लेली पाणंद आधी बाहेर काढ." तो हसला. "काढतो की. कुटं हाय, दावा तरी. आमच्यात निगाली तर सोताच्या हातानं ऊस उपटतो."

दाखवतोच, म्हटलं. जुन्या गावनकाशाचा फोटो होता. नकाशे जुळवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. जुन्या नकाशावरच्या खुणा आजच्या उपग्रहाच्या चित्रावर टिचकी मारून दाखवायच्या, की नकाशा त्यावर जाऊन बसतो. माझा बसेना. पाणंद एकदा शेजाऱ्याच्या उसात पडायची (मला तेच बरं वाटायचं), एक खूण हलवली की थेट ओढ्यात. हे वापरणारे लोक इंटरनेटवर जिथं एकमेकांना अडचणी विचारतात तिथं मी सविस्तर लिहिलं, पाणंदीकडेच्या तरवडाच्या पिवळ्या फुलांसकट, तुमच्या सरळपणासकट. एकानं उत्तर दिलं, "फुलं राहू द्या. आवृत्ती कोणती? खुणा कुठल्या घेतल्या? पडद्याचा फोटो टाका." दुसरा म्हणाला, "आधी माहितीपुस्तिका वाचा." अगदी तुम्ही! बांधावरून ओरडायचात तसेच, "कविता म्हणून पोट भरतंय व्हय रं?" रागारागानं फोटो टाकला. तेव्हा पहिल्यानं लिहिलं, "सगळ्या खुणा एका ओळीत आहेत, म्हणून नकाशा बाजूला झुलतोय. लांबचे कोपरे धरा."

बघितलं तर खरंच. चिंच, पूल, देऊळ, शाळा. मी कविता घोकत ज्या सडकेनं चालायचो, तेवढंच गाव मी धरलं होतं. शिवेवरचे दगड मला ठाऊकच नव्हते. ते दाखवले कुणी? शेजाऱ्याच्या मुलानं. मोटारसायकलवर मागं बसवून काट्याकुट्यातनं फिरवलं, प्रत्येक दगडापाशी मी मोबाईलवर जागा टिपून घेईपर्यंत उन्हात उभा राहिला. "घ्या सर, निवांत. पुन्हा म्हनू नका, दगड आमीच हलवला."

घरी येऊन ते कोपरे धरले आणि नकाशा गपकन बसला. सडक सडकेवर, ओढा ओढ्यावर. आणि पाणंद, आप्पा, तुमच्या लिंबाच्या ओळीखाली. टोकापासून टोकापर्यंत. रोपं लावताना खड्डे तुम्हीच काढले असतील. त्या घट्ट, गाड्यांनी चेपलेल्या मातीत पहार कशी वाजली असेल, ते तुम्हाला ऐकू आलं असेलच की. आणि संध्याकाळी जेवायला बसून तुम्ही दुसऱ्याच्या बापाला चोर म्हणालात.

काल रानात जाऊन त्याला सांगितलं, झाडं काढतोय, ट्रॅक्टर आण. "का हो सर?" म्हणाला. मी म्हटलं, रोग पडलाय. झाडं लिंबांनी वाकलेली. त्यानं ती पार टोकापर्यंत बघितली, मग माझ्याकडं. "व्हय सर, लई वाईट रोग हाय."

त्याला कळलंय. आणि तरी तो तुमचं नाव घेईना म्हणून मला हायसं वाटलं, याचाच राग जास्त आलाय.