पुढची खोली आणि विम्याचा रकाना

मी, रविंद्र देवाजी रामटेके, वय सव्वीस, शिक्षण आठवी नापास, राहणार इंदोरा, नागपूर (वर्षातले आठ महिने ट्रकवर), लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, पाय तेवढे नाहीत. परवा आसामच्या फेरीवर निघतो. मागच्या फेरीत घाटात आमच्या पुढची गाडी दरीत गेली, म्हणून हा कागद.

एक. घर बाबांनी बांधलेले, आता माझ्या नावावर. मागच्या दोन खोल्या आमच्या. पुढच्या खोलीत सिंधूताई गजभिये माझ्या जन्माआधीपासून राहते, चिवड्याची भट्टी लावते. नात्याने कोणी नाही, पण मी मावशी म्हणतो. आई बायजाबाई होती तोवर ती आणि मावशी अंगणात उलट्या मडक्यावर लांब रोट्या टाकत, तेव्हा पहिली रोटी कोणाची यावर मी... ते राहू द्या, घराचे सांगतो.

दोन. बाबांनी आगीचा विमा काढला तेव्हा एजंटाने विचारले, "भाडेकरू? घरात काही धंदा?" बाबा म्हणाले, "नाही गा, सारी घरचीच माणसं." एकोणसत्तर साली भट्टीनेच आग लागली, छप्पर गेले. कंपनीचा साहेब पाहायला आला. बाबांनी पुन्हा "घरचीच" म्हटले, तर सिंधूताई पदर खोचून पुढे, "घरची काहून? भाडं देतो मी साहेब. फुकट नाही राहून राहिलो."

माहिती खोटी ठरली, कंपनीने हात वर केले. बाबांनी सायकल विकून टिना टाकल्या आणि मरेपर्यंत मिलमध्ये पायी गेले. तिला एक शब्द बोलले नाहीत. त्या सायकलीच्या दांडीवर बसून मी खाप्यापर्यंत गेलो आहे. कन्हान दिसली की बाबा घंटी वाजवायचे. नदीला कशाला घंटी, हे विचारायचे राहून गेले.

तीन. चुलतभाऊ भैय्याजी म्हणतो, "त्या भट्टीपायी हप्ता जास्त पडते. बुढीले काढ, पानठेला लावू." त्याला बाबांचा हवा भरायचा पंप दिला. तो सहा वर्षांपासून त्याच्याकडेच आहे. घरावर त्याचा हक्क नाही.

चार. यंदा मी विम्याचा कागद खरा भरला: पुढची खोली भाड्याने, तेलाची भट्टी. तिला वाचून दाखवला. झारा न थांबवता म्हणाली, "देवाजीनं कधी भाडेकरीण नाही म्हटलं मले."

"पण तूच तर साहेबाले सांगतलं होतं वं मावशी."

"मी सांगतलं. त्यानं नाही."

मग तीन दिवस मला चिवडा नाही.

पाच. म्हणून माझ्यामागे संपूर्ण घर, मागच्या खोल्या आणि मडक्यासकट, सिंधूताईच्या मालकीचे. विमा तिच्या नावावर करून घ्यावा. भट्टी अवश्य लिहावी. भाडेकरूच्या रकान्यात "कोणी नाही" लिहावे. बाबांनी सांगितले होते तेच, पण आता ते खरे असेल. साहेब विचारायला आला, तर भाडं देतो असे तिने कृपा करून म्हणू नये.

हे कोणाच्या दबावाखाली लिहिलेले नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

रविंद्र देवाजी रामटेके

साक्षीदार:
१. वामनराव खोब्रागडे, अर्जनवीस
२. मनकर्णा मेश्राम, शेजारीण (अंगठा)

नागपूर, ९ जानेवारी १९७५